लेस्टर जेवला का?

रॉयमामा,

आज सकाळी सव्वाआठची कंपनीची बस आपल्या गेटसमोर थांबली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी तिच्यात चढली आणि ती निघून गेली. मी दूध घेऊन परत येत होते. वॉचमन म्हणाला, "दीदी, बाबूजी की कुर्सी अब अंदर रख दूँ?" तुमची ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची. तुम्हाला जाऊन आज पंचवीस दिवस झाले, आणि ती अजून गेटशीच आहे. मी त्याला म्हटलं, राहू दे अजून स्वल्प दिवस. त्याला कन्नडातलं 'स्वल्प' कळलं. वर आले आणि लिहायला बसले.

तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता कधी आलं नाही. वर्तमानपत्र आत्या मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही कॉफी पीत ऐकायचात. म्हणून हे लिहितानाही मी एकेक वाक्य तोंडानं म्हणून बघतेय. तुम्ही स्वतः साठ वर्षं 'तो भाजी' आणि 'ती भात' म्हणत राहिलात, पण आमचं इंग्रजी चुकलं की लगेच थांबवायचात. तो धाक अजून गेलेला नाही.

भेटायला येणारे लोक विचारतात, "अमेरिकन होते ना? फुटबॉलपटू होते म्हणे?" मी हो म्हणते. मग ते बसल्या जागी पाय हलवून चेंडू मारल्यासारखं करतात आणि मी समजावत बसत नाही. तुम्हीसुद्धा समजावणं सोडून दिलं होतंत. या बेंगळुरात तुमचा खेळ कुणी पाहिलेला नव्हता. मंडईतल्या भाजीवाल्या तुम्हाला 'रायरे' म्हणून हाक मारायच्या, रॉयचं राय करून, एखाद्या मोठ्या घरच्या माणसाला मारावी तशी. तुम्हाला ते फार आवडायचं.

माझ्या अप्पांनी पहिली पाच-सहा वर्षं तुम्हाला घरात घेतलं नव्हतं, हे तुम्ही मनावर घेतलं नाहीत, पण मी घेतलं होतं. चिक्कपेठेत आमचं शिंप्याचं दुकान. घरात मराठी, दारात कन्नड, सोयरीक म्हैसूरच्या पलीकडं कुणाची गेलेली नाही. आणि सुमित्रा आत्यानं, सगळ्यांनी जिच्या लग्नाची आशा सोडली होती त्या बत्तीस वर्षांच्या नर्सनं, इस्पितळात गुडघा दाखवायला आलेला सव्वासहा फुटी गोरा माणूस पसंत केला, आणि आत्याचा नवरा म्हणून तुम्ही आमचे मामा झालात. तुम्ही इथल्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात दोन वर्षं शिकवायला आला होतात. गुडघा बरा झाला नाही आणि तुम्ही परत गेला नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा मी सहा वर्षांची होते, कापड बेतायच्या टेबलावर पाय हलवत बसले होते. तुमच्या मापाचा तयार शर्ट अख्ख्या बेंगळुरात मिळत नव्हता, आणि दुसऱ्या दोन शिंप्यांनी कापड वाया घालवलं होतं. शेवटी आत्या तुम्हाला हाताला धरून भावासमोर घेऊन आली.  अप्पांनी गळ्यातली टेप काढली आणि मापं घ्यायला लागले. मुनियप्पा, आमचा कारागीर, वहीत लिहून घेत होता. "कॉलर साडेअठरा," अप्पा म्हणाले. मुनियप्पानं मान वर केली. "एष्टु?" किती? अप्पांनी पुन्हा सांगितलं, "साडेअठरा!" मग खांद्याचं माप घेताना त्यांचा हात तुमच्या डाव्या गळपट्टीच्या हाडावर थांबला. तिथं सुपारीएवढा उंचवटा होता.

"हे काय?" अप्पांनी तुमच्याशी काढलेला पहिला शब्द.

"फुटबॉल," तुम्ही म्हणालात.

"फुटबॉल पायानं खेळतात."

"माझावाला हातानं."

"मग त्याला फुटबॉल कशाला म्हणतात?"

तुम्ही खरंच विचार केलात. छताकडं बघितलंत. आणि तुम्हाला तेव्हा येत असलेल्या चार कन्नड शब्दांपैकी एक वापरलात, "गोत्तिल्ला." माहीत नाही. अप्पा टेप हातात धरून हसत सुटले. त्यानंतर दुकान बंद होईपर्यंत तुमचे शर्ट त्यांनीच बेतले, आणि डावा खांदा दरवेळी बोटभर सैल ठेवला.

तुमचा खेळ मला तुकड्यातुकड्यांनी कळला. ओहायोतलं पोलादाच्या भट्ट्यांचं गाव, वडील भट्टीवर, तुम्ही पाच भावंडांत थोरले आणि सगळ्यांत दांडगे. त्या दांडगाईवर कॉलेज मिळालं आणि कॉलेजातून थेट एका थंड शहराचा व्यावसायिक संघ. सहा हंगाम तुम्ही पोटासाठी खेळलात आणि हंगाम संपला की परत त्याच भट्टीवर कामाला जायचात. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याचं नाव पेपरात यायचं. तुम्ही त्याच्या पुढं उभे राहून येणाऱ्या धडका अंगावर घेणारे. "माझा काम एकच," तुम्ही म्हणायचात, "मध्ये उभा राहायचा."

"म्हणजे सहा वर्षांत चेंडू एकदाही हातात आला नाही?" मी विचारलं होतं.

"एकदा जमिनीवर पडलेला दिसला. त्याच्यावर झोपलो."

डोक्याला मार लागून खेळाडू खाली पडला, की संघाचा डॉक्टर येऊन बोटं दाखवायचा आणि किती दिसतात ते विचारायचा. "तो नेहमी दोनच दाखवायचा," तुम्ही हसत सांगायचात. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दिसो न दिसो, दोन म्हणायचं आणि परत खेळायला जायचं." आम्ही मुलंही हसायचो. आत्या हसायची नाही. ती उठून आत जायची.

घरात त्या खेळाचा एकच फोटो होता, ट्रंकेत, आत्याच्या नर्सिंगच्या प्रमाणपत्राखाली. सात जण जमिनीवर एक हात टेकून ओणवे, खांद्याला खांदा. तुमच्या उजव्या खांद्याला एक उंच काळा तरुण, सगळ्यांत तोच एकटा हसतोय.

"हा कोण?"

"लेस्टर," तुम्ही म्हणालात. "माझ्या उजव्या हाताला." आणि ट्रंक बंद केलीत.

मग थोरल्या ताईचं लग्न. मी दहा वर्षांची. कल्याण मंडपात पहिली पंगत बसली होती, तुम्ही नवरदेवाच्या वडिलांच्या शेजारी. केळीच्या पानावर भात, पातळ सारू, कोशिंबिरीसारखी कोसंबरी, पुरणाचा ओबट्टू वाढून झालं होतं. मुनियप्पा आणि त्याची बायको मागच्या अंगणात, नळाशेजारी बसली होती. बावीस वर्षं आमच्या दुकानात मशीन चालवणारा, ताईच्या लग्नाचे सगळे कपडे शिवणारा माणूस. त्याला तिथंच वाढायची पद्धत होती. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

तुम्ही उघड्या दारातून मागं बघितलंत. मग भरलेलं पान दोन्ही हातांवर तोलत उठलात. त्या गुडघ्यानं जमिनीवरून उठायचं म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. सारू तुमच्या शर्टावर सांडला. सगळी पंगत बघत असताना तुम्ही मागच्या दारानं अंगणात गेलात आणि मुनियप्पाशेजारी बसलात. तो घाबरून उभाच राहिला. "ब्याडा सामी, ब्याडा!" नको, नको. तुम्ही त्याच्या मनगटाला धरलंत. "कूत्को." बस.

क्षणभरानं आत्या आपलं पान घेऊन उठली. नवरदेवाचे वडील म्हणाले, "हे काय चाललंय?" अप्पांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मी मात्र जागची हलले नाही. माझ्या पानावरचा ओबट्टू मी सगळा खाल्ला, हे मला स्पष्ट आठवतं.

अप्पा वर्षभर तुमच्याशी बोलले नाहीत. तुमचा दिवाळीचा शर्ट त्या वर्षी मुनियप्पा घेऊन आला. पण पुढच्या वर्षी काकांच्या घरभरणीला अप्पांनीच मुनियप्पाला खांद्याला धरून आणलं आणि आमच्या पंगतीत, स्वतःशेजारी बसवलं. 

"मामा, तुम्ही त्या दिवशी का उठलात?" मी तुम्हाला विचारलं होतं.

"पाय दुखत होता," तुम्ही म्हणालात.

इतकं मोठं काहीतरी केलेल्या माणसानं ते असं झटकून टाकावं, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, टेलिफोन कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं गेली, आणि मी कुठंही तुमच्याबद्दल सांगताना हीच गोष्ट सांगायचे. तुम्हाला ती आवडत नाही हे माझ्या लक्षात यायचं. कारण कळायला मला फार वर्षं लागली.

आत्या गेली आणि मी तुम्हाला यशवंतपूरच्या घरातून महादेवपुराला, माझ्या नवव्या मजल्यावर घेऊन आले. माझे यजमान त्याआधीच गेलेले. एवढ्या घरात आपण दोघंच. तुमचं विसरणं तोवर सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग नळ, मग माझं नाव. 'पुट्टी' तेवढं शेवटपर्यंत राहिलं, लहानपणी मारायचात ती हाक. कधी एकदम संतापायचात, दारावर मूठ मारायचात आणि लगेच घाबरून माझ्याकडं बघायचात. मी तुम्हाला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्या हात वर करणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "दोन." त्यांनी अजून बोटं उघडलीही नव्हती. त्यांना ते गमतीचं वाटलं. मला आत्यासारखं उठून कुठंतरी जावंसं वाटलं, पण तिथं दुसरी खोली नव्हती.

म्हातारपणानं झालं की त्या धडकांनी, असं मी विचारलं. "दोन्ही असू शकतं," त्या म्हणाल्या. घरी येताना मी टॅक्सीत बसून तुमच्या खेळाला शिव्या देत होते आणि तुम्ही खिडकीतून मेट्रोचे खांब मोजत होतात.

त्याच सुमारास तुम्ही जेवताना विचारायला लागलात, "लेस्टर जेवला का?"

मला आधी कळेचना. फोटो बघून पन्नास वर्षं झाली होती. "कोण लेस्टर, मामा?" असं म्हटलं की तुम्ही ताट पुढं सरकवायचात. मी समजावायचे, इथं कुणी लेस्टर नाही, आपण दोघंच आहोत. तुम्ही हाताची घडी घालून बसायचात. भात गार व्हायचा. मी चिडायचे. त्या चिडण्याचं आता काय करू?

आणि मग तो बसचा दिवस. तुम्ही रोज सकाळी गेटशी खुर्चीवर बसून कंपन्यांच्या बसगाड्या बघायचात. एका सकाळी वॉचमन पाण्याची मोटर लावायला गेला, आणि परत येतो तर खुर्ची रिकामी. समोरच्या इस्त्रीवाल्यानं तुम्हाला बसमध्ये चढताना बघितलं होतं. मी चपला न घालताच रिक्षात बसले. "आ बस हिंदे होगी!" त्या बसच्या मागं चला. रिक्षावाला म्हणाला, "सरी अम्मा," आणि त्यानं असा रस्ता कापला की मी डोळेच मिटून घेतले.

आयटी पार्कच्या आवारात बस उभी होती. सगळे उतरले होते, फक्त दोन मुली तुमच्यासाठी थांबल्या होत्या. तुम्ही तिसऱ्या रांगेत खिडकीशी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत एक टॉवेल आणि एकच बूट. उजवा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर पसरलेला.

"काकू, हे तुमचे का?" मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून एक मुलगी म्हणाली, पुण्याकडची असावी. "ते इथं कुणाला बसूच देत नव्हते. सीट रिझर्व्ह्ड आहे म्हणाले, फॉर लेस्टर. आम्ही म्हटलं ओके. दोघं जण उभे राहून आले."

"मामा, चला. उतरा."

"लेस्टर आल्याशिवाय नाही," तुम्ही म्हणालात. "मागच्या वेळी उतरलो."

मी तुमच्या शेजारी बसायला गेले तर तुम्ही हात काढेनात. शेवटी म्हटलं, "लेस्टर पुढं गेलाय मामा. घरी आपली वाट बघतोय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, पिशवी काखेत घेतलीत आणि उतरलात.

त्या दुपारी तुम्ही डोक्यानं अगदी स्वच्छ होतात. वर्षानुवर्षं धूळ बसलेली काच कुणीतरी पुसावी तसे. बाल्कनीत बसून तुम्ही सांगितलंत, आणि मी पहिल्यांदा सगळं सलग ऐकलं.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात तुमच्या संघाचा सामना होता. संध्याकाळी बस हॉटेलसमोर थांबली. हॉटेलचा माणूस कागद घेऊन बाहेर आला. संघात दोन काळे खेळाडू होते, लेस्टर आणि आणखी एक जण. त्यांना इथं ठेवता येणार नाही, गावाच्या पलीकडं त्यांच्या लोकांत सोय केली आहे. प्रशिक्षक म्हणाले, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, चला. सगळे आत गेले. तुम्ही दाराशी वळून बघितलंत. लेस्टर बसपाशी बॅग घेऊन उभा होता आणि तुमच्याकडंच बघत होता.

"मग?"

"मग मी आत गेलो. टेबल मांडलेला होता. मला भूक लागलेली. जेवलो." मग म्हणालात, "दोनदा घेतला."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा तुमच्या उजव्या हाताला उभा राहिला. तुमच्यावर येणारी एक धडक त्यानं स्वतःवर घेतली. तो काही बोलला नाही, तुम्हीही नाही. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघात गेला.

"कधी पत्र लिहिलं नाहीत?"

"काय लिहू, पुट्टी? 'मी जेवलो' असं लिहू?"

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचे, तुम्ही चोवीस वर्षांचे होतात. तुमच्या देशात तेव्हा कायदेच तसे होते. तुम्हाला संघातून काढलं असतं, भट्टीवर परत पाठवलं असतं. तुम्ही एकटे काय करणार होतात? तुम्ही ऐकून घ्यायचात आणि एवढंच म्हणायचात, "थांबू शकलो असतो. त्याच्या बाजूला." मी ताईच्या लग्नाची आठवण द्यायचे. तिथं तुम्ही उठलात की! सगळ्या पंगतीसमोर उठलात! "मुनियप्पा लेस्टर नव्हता," तुम्ही म्हणायचात. हा वाद आपण निदान दहादा केला. तुम्हाला प्रत्येक वेळी तो नवा असायचा. मला नसायचा, तरी मी दरवेळी तेच बोलायचे, जरा जास्तच जोरात. तुमची चूक नव्हती, मामा. तुमची चूक नव्हती.

त्यानंतर जेवताना मी खोटं बोलायला लागले. "लेस्टर जेवला का?" "हो, जेवला." तुम्ही घास उचलायचात. एकदा संशय आला तुम्हाला. "तू बघितलंस?" "बघितलं ना." "काय जेवला?" मी गडबडले आणि जे समोर होतं तेच बोलून गेले. "भात, सारू, हप्पळ." तुम्ही घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिलात आणि मग हसायला लागलात. ओहायोतल्या तुमच्या शेजारच्या गावातला तो सहा फुटी माणूस पापड मोडून सारू-भात खातोय! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. तुमचं ते हसणं मी अजून कानात धरून ठेवलंय. घर फार मोठं झालंय हो, मामा. तांदूळ धुताना माझा हात अजून दुसऱ्यांदा डब्यात जातो.

माझं नाव विसरलात तरी लेस्टरच्या गावाचं नाव तुम्ही विसरला नव्हता. तुम्हाला न सांगता मी त्या गावच्या वाचनालयाला मेल लिहिली. लेस्टरचं पूर्ण नाव, खेळाची वर्षं, आणि एवढंच, की बेंगळुरात एक म्हातारा माणूस रोज त्यांची चौकशी करतो. उत्तर आलं नाही. तीन महिने गेले.

तो बुधवार होता. दुपारी तुम्ही विचारलंत, मी हो म्हटलं. तुम्ही अर्धं ताट जेवलात आणि खुर्चीला मान टेकलीत. मी ताट आत ठेवून, हात पुसून परत आले. एवढाच वेळ लागला.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. लेस्टरच्या मुलीचं, डोरोथीचं. सत्तरीच्या आहेत, शाळेत शिकवायच्या. वाचनालयानं माझी मेल फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचवली होती. वडील जाऊन तीस वर्षं झाली, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि फोन नंबर दिला होता. मी सकाळचा चहासुद्धा न घेता फोन लावला. आधी तुम्ही गेल्याचं सांगितलं. मग कसंबसं ते हॉटेलचं. वाटलं होतं, त्यांना काही माहीत नसेल.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बाबा सांगायचे ते."

त्यांचा आवाज शांत होता. 

"ते म्हणायचे, जे सरळ आत गेले त्यांचं मला काही वाटलं नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. पण एक जण दाराशी वळला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग आत गेला. त्याचं वाईट वाटलं. कारण तो माझा मित्र होता."

 मग मी त्यांना तुमचं जेवणाआधीचं विचारणं सांगितलं. रोजचं, चार वर्षांचं. 

"तुम्ही काय उत्तर द्यायचात?" त्यांनी विचारलं.

"जेवला म्हणायचे. खोटंच."

"खोटं नाही ते. एका शिक्षिकाबाईंच्या घरी उतरले होते दोघं. त्यांनी कोंबडी केली होती, घेवडा, आणि पीचचा गोड पदार्थ. बाबा मरेपर्यंत त्या जेवणाचं नाव काढायचे. अगदी पोटभर जेवले होते." मग म्हणाल्या, "हे तुमच्या मामांना कळायला हवं होतं."

कळायला हवं होतं. उत्तर अकरा दिवस आधी आलं असतं, तर मी तुमच्या खुर्चीजवळ पाटावर बसून तुम्हाला कोंबडीपासून सगळं सांगितलं असतं. पण मामा, मग मला ते दुसरंही सांगावं लागलं असतं, दाराशी वळल्याचं. ते मी सांगितलं असतं का? तो फोन झाल्यापासून मी स्वतःला हेच विचारतेय.

तुम्ही रोज मला काहीतरी कबूल करत होतात आणि मी ते रोज परत तुमच्या हातात देत होते. तुमची चूक नव्हती, जाऊ द्या, भात गार होतोय. मला तुम्ही चांगलेच हवे होतात. भरलेलं पान घेऊन उठलेले तेवढेच हवे होतात. माया होती म्हणूनच करत होते सगळं, पण त्या मायेनं तुम्हाला त्या हॉटेलच्या दाराशी एकटं सोडलं. तुम्हाला माफी नको होती. कुणीतरी 'हो, चुकलं' म्हणावं आणि तरीही शेजारी बसून राहावं, एवढंच हवं होतं. ताईच्या लग्नात तुम्ही का उठलात ते मला आता कळतं, आणि ती गोष्ट मी लोकांना सांगायचे तेव्हा तुम्ही मान खाली का घालायचात तेही.

आत्या असती तर तिनं हे केव्हाच ओळखलं असतं. कदाचित ओळखलंही होतं.

हो, मामा. तुम्ही थांबायला हवं होतं. तो तुमचा मित्र होता, आणि तुम्ही त्याच्या बाजूला थांबायला हवं होतं. तुमचं बरोबर होतं, मीच इतके दिवस हट्टानं वाद घालत राहिले. हे मी त्या बुधवारी म्हटलं असतं, तर तुम्ही काय उत्तर दिलं असतंत ते मला माहीत नाही. पण मला वाटतं, तुम्ही ताट पुढं ओढलं असतंत आणि त्या दिवशी पूर्ण जेवला असतात.